मनाच्या आजाराला निधी कधी?

राज्यातली चार जुनी सरकारी मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीत आहेत. त्यांपैकी एकही मराठवाड्यात नाही. आपल्या शहरात गरिबाला आधार घाटीच्या मानसोपचार विभागाचा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम १८ सांगते की सरकारी सेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे आणि दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णाला उपचार मोफत.

पण हक्क निधीवर चालतो. इमारत एकदा बांधली की झाली. समुपदेशक आणि गोळ्या दर महिन्याला लागतात. गोळ्या तुटल्या की आजार उलटतो, मग घरचे आसेब समजून बाबाकडे धावतात. दुआ करू या, पण दवा सोडू नये. मत मागायला येणाऱ्याला रस्त्याबरोबर हेही विचारू या: गोळ्यांसाठी किती, समुपदेशकांसाठी किती? तोवर टेली मानसचा मोफत नंबर जवळ ठेवा: १४४१६.