मनगटावरचा उंचीमापक आणि सह्याद्रीची हवा

कसाऱ्याला किंवा कर्जतला सकाळची पहिली लोकल रिकामी झाली की पाठपिशव्या लावलेल्या तरुणांचे घोळके फलाटावर उतरतात. अनेकांच्या मनगटावर आता उंची, हवेचा दाब आणि दिशा दाखवणारे डिजिटल घड्याळ असते. त्याच फलाटावर, स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर, नावाखाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. ती वाचून घड्याळात भरायला अर्धे मिनिट पुरते. एवढे न केल्यास हजारो रुपयांच्या त्या यंत्राने पुढे दाखवलेल्या प्रत्येक उंचीवर शंका घ्यावी लागते.

कारण घड्याळाला उंची कळत नाही. त्याला कळतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीजवळ साधारण साडेआठ मीटर चढले की दाब एक हेक्टोपास्कलने उतरतो; दीड हजार मीटरच्या आसपास तेवढ्याच फरकासाठी जवळपास दहा मीटर चढावे लागते. घड्याळातला संवेदक हा फरक टिपतो आणि त्यावरून उंचीचा आकडा काढतो. पण दाब हवामानामुळेही बदलतो. दाब चढाईमुळे उतरला की हवामानामुळे, हे एकट्या दाबावरून ओळखता येत नाही.

आपल्याकडे तर तो रोज ठरल्या वेळी बदलतो. सूर्याच्या उष्णतेमुळे वातावरणालाही भरती-ओहोटी येते. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास दाब जास्त, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास कमी. महाराष्ट्रात निरभ्र दिवशी सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात तो तीन-चार हेक्टोपास्कलने घसरतो. कळसूबाईच्या माथ्यावर, १६४६ मीटरवर, कोणी सकाळी दहाला घड्याळ अचूक लावले आणि तिथेच बसून राहिला, तर चार वाजता त्याला १६८०च्या आसपासचा आकडा दिसू शकतो. घड्याळ बिघडलेले नसते. उत्तर युरोपात हा रोजचा चढउतार अगदी किरकोळ असल्यामुळे तिथल्या डोंगरभटक्याला त्याची फारशी दखल घ्यावी लागत नाही. सह्याद्रीत फिरणाऱ्याला मात्र तो माहीत असायलाच हवा.

तीस-पस्तीस मीटरने असा काय फरक पडतो? सह्याद्रीत पडतो. लाव्हाचे थर एकावर एक बसून हे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे झाले आहेत. कडा, मग पदर, पुन्हा कडा. पदरातून जाणारी आडवी वाट बराच वेळ एकाच उंचीवर राहते, आणि नाळेचे तोंड ठराविक उंचीवर सापडते. धुक्यात, कारवीच्या रानात, चार हातांपलीकडचे दिसत नसताना आपण योग्य पदरात आहोत की एक टप्पा खाली उतरलो, हे उंचीवरूनच सर्वांत लवकर कळते. अरुंद नाळेत दोन्ही बाजूंचे कातळ उपग्रहांचे संकेत अडवतात किंवा परावर्तित करतात, त्यामुळे जीपीएस भरकटू शकते. शिवाय त्याची उंचीतली चूक आडव्या अंतरातल्या चुकीपेक्षा एरवीही जास्त असते. अशा ठिकाणी नीट लावलेला दाबावरचा उंचीमापक खरा आधार ठरतो. त्यासाठी पायथ्याचे गाव, खिंड, गडाचा माथा अशी नकाशावर उंची दिलेली प्रत्येक जागा आली की आकडा पुन्हा जुळवून घ्यायचा.

वादळाच्या इशाऱ्यावर विसंबू नये. काही घड्याळांत तीन तासांत चार हेक्टोपास्कल दाब घसरला की गजर होतो. आपल्या वळवाच्या ढगांना तीन तास लागत नाहीत, आणि त्यांचा गार वारा सुटतो तेव्हा दाब अनेकदा उलट चढतो. काळवंडलेले आभाळ दिसताच माथा सोडावा. गजराची वाट पाहू नये.

होकायंत्राची पथ्ये सोपी आहेत. मनगट सपाट धरावे, दुसऱ्या हातातला मोबाइल दूर ठेवावा, रूळ, एसटी आणि रेलिंगपासून लांब जाऊन मोजावे. आपल्या काळ्या पाषाणात चुंबकीय खनिज असते, म्हणून कातळाला टेकवून दिशा पाहू नये. तापमानाचा आकडा हातात बांधलेल्या घड्याळावर वाचण्यात अर्थ नाही, तो अंगाच्या उबेने फुगलेला असतो. घड्याळ काढून वीस-तीस मिनिटे सावलीत ठेवावे.

उजेडाबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवे. टाइमेक्सने १९९२ मध्ये इंडिग्लो हा तबकडीभर पसरणारा निळसर-हिरवा प्रकाश आणला. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये बॉम्बस्फोट झाला, तेव्हा अशाच घड्याळाच्या उजेडात एका माणसाने काही जणांना अंधाऱ्या जिन्यावरून खाली नेल्याची बातमी गाजली. प्रसंगी एवढा उपयोगी पडणारा हा उजेड नको त्या वेळी लागला तर तितकाच घातक. मनगट वळवले की आपोआप उजळण्याची सोय अनेक घड्याळांत असते. रात्रीच्या चढाईत खोबणीत हात घालताना, दोर धरताना मनगट सारखे वळते आणि डोळ्यांपुढे लखलखाट होतो. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटे लागतात. पांढऱ्या उजेडाची एक तिरीप तो सराव मोडते. विजेरी नेमकी तेव्हा बंद असेल तर पुढचे पाऊल चुकू शकते. सतत उजळण्याने बॅटरीही खर्च होते.

मे-जूनमध्ये राजमाची, पुरुषवाडी, भंडारदरा परिसरात काजवे पाहायला गर्दी लोटते. काजव्यांचे लुकलुकणे ही नर-मादीची एकमेकांना दिलेली खूण असते आणि परका उजेड तिच्यात अडथळा आणतो. शेकडो मनगटांवरचे पडदे तिथे पुन्हा पुन्हा उजळणे हा त्या जिवांवर अन्याय आहे. आपोआप लागणारा उजेड अशा रानात शिरण्यापूर्वीच बंद करायला हवा.

यातले काहीच अवघड नाही, फक्त ते कुणी तरी सांगायला हवे. विक्रेत्यांनी घड्याळासोबत साध्या मराठीत चार पानांची पुस्तिका द्यावी. गडांवर माणसे नेणाऱ्या संस्थांनी पायथ्याच्या गावात ओळखपाळख झाली की दहा मिनिटे काढून सगळ्यांची घड्याळे एकत्र लावून घ्यावीत. आणि ज्यांच्याकडे असे घड्याळ आहे त्यांनी येत्या सुटीच्या दिवशी ते घरात टेबलावर ठेवावे, सकाळी दहा आणि दुपारी चार वाजता उंचीचे आकडे लिहून घ्यावेत आणि त्यांतला फरक लक्षात ठेवूनच पुढच्या ट्रेकला निघावे.