आत्मविश्वासाचा तुटवडा, की जागांचा?

पदवी परीक्षांचे निकाल जवळ आले की महाविद्यालयांत व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांचा हंगाम सुरू होतो. पाहुणे वक्ते येतात, मुलाखतीत ताठ कसे बसावे, समोरच्याच्या नजरेला नजर कशी द्यावी हे सांगतात आणि 'न्यूनगंड टाकून द्या' असा उपदेश करून पुढच्या गावी जातात. हा उपदेश सर्वस्वी चुकीचा आहे असे नाही. परंतु नोकरी मिळत नाही ती आत्मविश्वास नसल्यामुळे, असे एक गृहीत त्यामागे दडलेले असते. वस्तुस्थिती पुष्कळदा उलटी असते. नोकरी मिळत नाही म्हणून आत्मविश्वास ओसरतो.

२०२३ सालच्या तलाठी भरतीचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. जागा साडेचार हजारांवर आणि अर्ज दहा लाखांवर! एका जागेमागे दोनशेहून अधिक उमेदवार. शिवाय खुल्या प्रवर्गातील उमेदवाराला परीक्षा शुल्क १,००० रुपये. दोनशेतील एकाची निवड झाली म्हणून उरलेले सारे नालायक ठरतात काय? मागणी-पुरवठ्याचा हा हिशेब अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळतो. पण तोच विद्यार्थी उमेदवार झाला की हिशेब विसरतो आणि निवडयादीत आपल्या लायकीचा निवाडा वाचू लागतो. केंद्र सरकारच्या श्रमबल पाहणीनुसार २०२२-२३ मध्ये देशातील बेकारीचे एकूण प्रमाण ३.२ टक्के होते, पदवीधरांमधील मात्र १३.४ टक्के. हातावर पोट असणाऱ्याला बेकार राहणे परवडत नाही, हे या तफावतीचे एक कारण खरे. पण पदवीधराने ज्या कामासाठी तीन वर्षे घालविली ते काम पुरेसे नाही, हेही तितकेच खरे.

बेकारी मनाला काय करते, याची एक जुनी पाहणी प्रसिद्ध आहे. ऑस्ट्रियातील मारिएनथाल या गावची कापडगिरणी बंद पडल्यावर मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड व हान्स झाइझेल यांनी तेथील कुटुंबांचा अभ्यास केला. तो १९३३ साली प्रसिद्ध झाला. रिकामा वेळ मिळाला म्हणजे माणसे अधिक वाचतील असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या घटली, रस्त्याने जाणाऱ्या पुरुषांची चाल मंदावली. आपल्याकडे ही चाल वेगळ्या ठिकाणी दिसते. तिसऱ्या प्रयत्नानंतर मुलगा गणपतीला गावी जायचे टाळतो, कारण 'सध्या काय करतोस?' हा प्रश्न ओटीवरच वाट पाहत असतो. खासगी कंपन्यांकडून नकाराचे दोन ओळींचे उत्तरही बहुधा येत नाही. अशा मौनाचा अर्थ ज्याचा त्याने लावायचा, आणि तो माणूस स्वतःविरुद्धच लावतो.

भाषेचा प्रश्न वेगळाच. महागाई का वाढते हे वर्गात मराठीत अस्खलित सांगणारी मुलगी शहरातील कचेरीत इंग्रजी प्रश्न येताच गप्प होते. मुलाखत घेणारा तिचे अज्ञान नोंदवितो. वास्तविक तिला सराव मिळालेला नसतो, एवढेच.

तो सराव देणे महाविद्यालयांच्या हाती आहे. एका दिवसाच्या शिबिराऐवजी शेवटचे वर्षभर दर पंधरवड्याला एक तास तोंडी परीक्षेसारख्या मुलाखती घेता येतील. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला तीन महिने गावातील पतसंस्थेत हिशेब लिहायला पाठविले, तर मुलाखतीत त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही असेल; आत्मविश्वासाला असा आधार लागतो. तसेच आपले गेल्या पाच वर्षांतील पदवीधर कोठे आहेत, किती वेतनावर आहेत आणि पहिल्या नोकरीसाठी किती महिने थांबले, हे माहितीपुस्तिकेत छापावे. आज तेथे यशस्वी दोघा-तिघांची छायाचित्रे असतात, बाकीच्यांचा पत्ता नसतो. अर्थात हे काम कोणावर सोपवायचे, ही अडचण उरतेच. अनेक महाविद्यालयांत ते ज्या अध्यापकाकडे जाईल, तो स्वतःच तासिका तत्त्वावर असतो आणि पुढील जूनमध्ये आपण या वर्गात असू की नाही, हे त्यालाही ठाऊक नसते.