कार्ड कुणाच्या हातात?

आमच्या पुतण्याने गेल्या दसऱ्याला गाडी घेतली. नारळ फोडला, लिंबू-मिरची बांधली, बॉनेटवर स्वस्तिक काढलं. मी कौतुकाने म्हटलं, "छान आहे रे गाडी." तर म्हणाला, "काकू, अगं ही साधी गाडी नाही. परफॉर्मन्स कार आहे!" म्हणजे काय, तर दीड लिटरचं टर्बो इंजिन, दीडशे अश्वशक्ती आणि थांबलेल्या जागेवरून शंभराचा वेग गाठायला दहा सेकंदही नकोत. त्याचं ऑफिस वागळे इस्टेटमध्ये. घर ते ऑफिस सगळं मिळून पाच-सहा किलोमीटर, त्यात खड्डे, रिक्षा, टेम्पो आणि चेकनाक्याकडची गर्दी. तिथे हा दहा सेकंदांत शंभर गाठून करणार काय, हे मी विचारलं नाही. सणाच्या दिवशी कशाला!

आठवडाभरातच त्याने डॅशकॅम बसवायचं काढलं. मैत्रिणींनो, डॅशकॅम म्हणजे पुढच्या काचेला आतून, आरशाच्या मागे चिकटवलेला काडेपेटीहून जरा मोठा कॅमेरा. गाडी सुरू झाली की तो आपोआप समोरचा रस्ता टिपू लागतो. आपल्याकडे खाजगी गाडीत तो लावायची सक्ती नाही, पण चार-पाच हजारांपासून मिळतो आणि आता छोट्या गावांतल्या गाड्यांतही दिसू लागलाय. "कुणी आपल्यावर येऊन आदळलं आणि उलट आपल्यालाच दमदाटी केली तर पुरावा हवा," हे त्याचं कारण. कारण खरंच आहे. डोंबिवलीच्या माझ्या एका मैत्रिणीच्या उभ्या गाडीला मागून रिक्षाने ठोकलं, आणि जमलेल्या दहा माणसांचं एकमत काय, तर "बाई चालवत होती ना!" मागच्या काचेवरचा कॅमेरा होता म्हणून ती सुटली. गाडी चालवणाऱ्या प्रत्येक बाईला मी कॅमेरा लाव म्हणेन, ते त्या दहा माणसांसाठी.

बसवायला गेलो ते वागळे इस्टेटमध्येच. एमआयडीसीच्या अगदी सुरुवातीच्या काळातली, साठच्या दशकातली ही वसाहत. मोठे कारखाने गेले, त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. पण मधल्या गल्ल्यांमध्ये लेथवाले, पत्राकामवाले, गॅरेजवाले अजून टिकून आहेत. तिथल्या मिस्त्रींनी मला स्टुलावर बसवून चहा दिला आणि दोन तास काम केलं. मी आपली सगळं विचारत होते. (बीएला मराठी-इतिहास घेतलेल्या बाईला वायरिंग कळत नाही असं थोडंच आहे!)

कॅमेऱ्याला वीज दोन ठिकाणांहून देता येते. सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून, किंवा फ्यूज बॉक्समधून. पहिलं सोपं, पण वायर लोंबकळत राहते. दुसरं नीटनेटकं, पण जपून करायला लागतं. आजकालच्या गाड्यांत जागोजागी इलेक्ट्रॉनिक्स. मूळची वायर कापून जोड दिला तर पुढे वॉरंटीचा वाद होऊ शकतो. म्हणून कापाकापी न करता फ्यूजच्याच खाचेत बसणारा जोड वापरतात, आणि तोसुद्धा एअरबॅग किंवा ब्रेकच्या फ्यूजवर कधीच नाही. आरशापासून वायर खाली आणताना ती काचेच्या बाजूच्या खांबातून येते. त्या खांबात आणि वरच्या कडेत कित्येक गाड्यांत पडद्यासारखी एअरबॅग घडी घालून ठेवलेली असते. वायर तिच्या मागून गेली पाहिजे. पुढून गेली, तर अपघाताच्या क्षणी तीच आडवी येणार. शंभरात किती ठिकाणी हे बघून काम होत असेल, देव जाणे. तुम्ही बसवायला गेलात तर हा एक प्रश्न नक्की विचारा.

गाडी उभी असतानाही कॅमेरा चालू ठेवायचा, तर बॅटरी उतरू नये म्हणून ठरावीक व्होल्टेजखाली तो आपोआप बंद होईल अशी सोय लागते. उन्हात बंद गाडी भट्टीसारखी तापते, त्या उष्णतेत आत लिथियम बॅटरी असलेला कॅमेरा फुगतो. कपॅसिटरवाला घेतलेला बरा. कार्डही फोनमधलं जुनं टाकून चालत नाही, सतत लिहिणं-पुसणं सोसणारं वेगळं मिळतं.

हे लिहिणं-पुसणं नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. कॅमेरा एकेक, तीन-तीन मिनिटांचे तुकडे करून चित्रण साठवतो. कार्ड भरलं की सगळ्यात जुना तुकडा पुसून त्यावर नवा लिहितो. ६४ जीबीच्या कार्डात एका कॅमेऱ्याचं साधारण आठ-दहा तासांचं चित्रण मावतं, मागेही कॅमेरा असेल तर त्याच्या निम्मं. गाडीला धक्का बसला की आतलं एक यंत्र तो ओळखतं आणि तेवढा तुकडा कुलूपबंद करतं, म्हणजे तो पुसला जात नाही. पण या वेगवान गाड्यांचं सस्पेन्शन असतं कडक. आमच्या पुतण्याची गाडी वागळे इस्टेटमधल्या प्रत्येक खड्ड्याला धक्का समजायची. पंधरा दिवसांत कार्ड खड्ड्यांच्याच कुलूपबंद चित्रणाने भरून गेलं! वैतागून त्याने त्या यंत्राची संवेदना अगदी कमी करून टाकली.

आणि या जुलैत, पावसात, संध्याकाळी पावणेआठच्या सुमाराला, ऑफिसहून परतताना त्याच्या डाव्या आरशाचा फटका एका सायकलवाल्याला बसला.

तो एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करणारा, पन्नाशीचा माणूस. सुटी झाली म्हणून घरी निघालेला. पडला, मनगट मोडलं. पुतण्या थांबला, त्याला गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेला, पैसे भरले, घरी कळवलं. इतकं त्याने केलं, हे मी आधी सांगते. पण थांबल्या थांबल्या जमलेल्या लोकांना त्याने सांगितलं की सायकल एकदम आडवी आली. पोरगा शर्ट-पँटमधला, गाडी नवी. लोकांनी मान डोलावली. तो माणूसही गप्प राहिला.

रात्री घरी आम्ही ते चित्रण बघितलं. सायकल आडवी आली नव्हती. ती रस्त्याच्या कडेने सरळ चालली होती. पुढचा टेम्पो हळू चालतो म्हणून आमच्या पोराने डावीकडून गाडी काढली होती आणि पडद्याच्या कोपऱ्यात, उपग्रहावरून येतो तो वेग लिहिलेला होता, ६३. त्या अरुंद रस्त्यावर, पावसात!

पुरावा हवा म्हणून ज्याने कॅमेरा बसवला होता, तो आता त्या पुराव्याकडे बघत बसला होता. धक्का इतका हलका की तुकडा कुलूपबंद झालेला नव्हता. आमच्या मोठ्या जाऊबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "मग काही करायलाच नको. आठवडाभर नेहमीसारखी गाडी चालव. आपोआप पुसलं जाईल."

त्यांना वाईट म्हणू नका. पोरगं नोकरीला लागून दोन वर्षं झाली नव्हती, कंपनी त्याला जर्मनीला पाठवायचं म्हणत होती, व्हिसाचे कागद तयार होत होते. पोलिसांत नाव गेलं तर? आईच्या पोटात कालवाकालव होणारच. आणि खरं सांगायचं तर क्षणभर माझ्याही मनात आलं, उपचार तर आपण करतोच आहोत.

पण त्याच क्षणी मला पुण्याचं ते प्रकरण आठवलं. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये नोंदणीही न झालेल्या पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी चालवणारा मुलगा अठराचाही नव्हता. जामीन देताना त्याला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला म्हणून देशभर संताप झाला. पण बाई म्हणून माझ्या मनात रुतून बसली ती नंतरची बातमी. मुलाच्या रक्ताचा नमुना बदलून त्या जागी आईचं रक्त दिलं गेलं, असा पोलिसांचा आरोप आहे, आणि त्यात आईलाही अटक झाली. आरोप खरा की खोटा ते न्यायालय ठरवेल. पण लेकरासाठी आपण काय काय करू शकतो, हे आपल्याला ठाऊक असतं. म्हणून तर ती बातमी टोचते. त्याच वर्षी जुलैत वरळीला मासे घेऊन परतणाऱ्या जोडप्याच्या स्कूटरला बीएमडब्ल्यूने उडवलं, बाई गेली आणि चालवणारा दोन दिवस सापडेना. ऑक्टोबरमध्ये आमच्या इथेच, नितीन कंपनी जंक्शनजवळ, मर्सिडीजच्या धडकेत दुचाकीवरचा एकवीस वर्षांचा मुलगा गेला. गाडीवाला थांबला नाही.

आमच्या घरात रक्त बदलायचं नव्हतं, पळायचंही नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. म्हणून तर ते इतकं सोपं वाटत होतं.

कायद्याने चालकाने जखमीला उपचार मिळवून द्यायचे असतात आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवायचं असतं. विमा कंपनीलाही. हे कळवणं त्या सायकलवाल्याच्याच फायद्याचं. प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे तो अशाच माणसांसाठी. पण भरपाईचा दावा करायचा तर पोलिसांची नोंद लागते. नोंदच नसेल, तर दोन-तीन महिने लेथवर उभं न राहता येणारा माणूस दावा करणार कशाच्या आधारावर? आम्ही दवाखान्याचं बिल भरलं, ते आमच्या मर्जीने. उद्या नाही भरलं तर?

रात्री अकराला पुतण्या खाली गेला आणि कॅमेऱ्यातून कार्ड काढून घेऊन आला. नखाएवढं कार्ड. माझ्या हातावर ठेवून म्हणाला, "काकू, तुझ्याकडे ठेव. माझ्याकडे राहिलं तर मी काय करीन सांगता येत नाही." जाऊबाई काही बोलल्या नाहीत. मी ते देव्हाऱ्याच्या खालच्या खणात, कापराच्या डबीत ठेवलं.

इथे एक गोष्ट वेगळी सांगायलाच हवी, कारण ती आमच्या महिला मंडळाच्या कामातून समोर आली. एका सुनेच्या गाडीतला कॅमेरा आतला आवाजही टिपत होता. ती माहेरी फोनवर काय बोलते, मैत्रिणीला काय सांगते, हे नवरा रोज रात्री कार्ड काढून ऐकायचा. तिला महिनोन् महिने पत्ता नव्हता. बहुतेक कॅमेऱ्यांत आवाज बंद करायचं बटण असतं. गाडी तुमच्या नावावर असो वा नसो, ते बटण कुठे आहे ते शिकून घ्या, आणि कार्ड घरात कोण काढतं तेही माहीत असू द्या.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोलिसांकडे गेलो. तिथे नवीनच पंचाईत. प्रसंग संध्याकाळी पावणेआठचा आणि चित्रणावर वेळ दुपारी सव्वादोनची! कॅमेऱ्यात भारताची वेळ लावायची राहून गेली होती, उपग्रहाकडून आलेली वेळ साडेपाच तास मागची. पुतण्याने ते लेखी दिलं. अशा चित्रणासोबत प्रमाणपत्र लागतं, कुठल्या यंत्रातून, कसं काढलं याचं. १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्याच्या कलम ६३ मध्ये ते आहे. आधीच्या कायद्यातही होतं. त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा गाजलेला निकाल आपल्या जालन्याचाच आहे. २०१४ च्या निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचा उमेदवारी अर्ज तीन वाजायच्या आत आला होता की नंतर, असा तो वाद. पुरावा होता कार्यालयातल्या कॅमेऱ्यांच्या चित्रणाचा. मूळ यंत्रच कोर्टात हजर केलं नाही, तर प्रमाणपत्र हवंच, असं न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. म्हणून चित्रण नुसतं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवून कार्ड पुन्हा कॅमेऱ्यात घालू नका. मूळ कार्ड काढून बाजूला ठेवा, कॅमेऱ्यात दुसरं घाला. आणि कॅमेरा बसवल्याच्या दिवशीच त्यातली वेळ घड्याळाशी ताडून बघा.

मुलगा अठरा वर्षांखालचा असेल तर यातलं काहीच कामाचं नाही. त्याच्या हातात किल्लीच देऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा अपघातात पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजारांचा दंड आहे, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही.

पुतण्याची केस चालू आहे. जर्मनीचं तूर्त लांबलं. जाऊबाई माझ्याशी पंधरा दिवस नीट बोलल्या नाहीत, आता बोलतात. गाडी तो चालवतो, पण आपला वेग पडद्यावर उमटतोय हे त्याच्या डोक्यात असतं, असं त्याने मला एकदा न विचारताच सांगितलं.

मधल्या एका रविवारी आम्ही दोघं त्या सायकलवाल्याकडे गेलो होतो. किसननगरला एका खोलीत राहतात. हात प्लास्टरमध्ये. त्यांच्या बायकोने चहा केला. निघताना त्यांनीच विचारलं, "ताई, ते चित्र मला बघायला मिळेल का?" फोनवर नक्कल होती, पुतण्याने दाखवली. त्यांनी दोनदा बघितली. मग बायकोला जवळ बोलावून तिसऱ्यांदा लावायला सांगितली आणि पडद्यावर बोट ठेवून तिला म्हणाले, "बघ. सरळच चाललो होतो मी."