कांदा मागितला आणि…

कुम्हारीच्या बाजारात कांदा मागितला, तर दाईने मातीने माखलेला कंद पुढे केला. छत्तीसगढीत कांदा म्हणजे कंद. आपल्या कांद्याला इथे गोंदली म्हणतात. तिचा करू कांदा म्हणजे आपला कडू करांदा. काप करून, उकळून, पाणी बदलल्याशिवाय तो खाऊ नये, बाधतो.

कलाहारीच्या वाळवंटात सान लोक रानकंद खणतात, किसतात आणि पिळून त्याचं पाणी पितात. रानात तग धरायला आम्हालाही शिकवतात, पण पुस्तकातून. दाई मात्र कंद काढताना वेलाकडचा तुकडा परत मातीत पुरते, म्हणजे पुढच्या पावसात वेल पुन्हा येतो. हे पुस्तकात नाही. म्हणून माझं मत, प्रशिक्षणात एक तास अशा बाईला द्यावा, आणि मानधनासकट द्यावा.