पाळीत जास्त जातंय, हे डॉक्टरांना सांगितलंत?

रक्त पातळ करायची गोळी चालू असलेल्या बायका आता गल्लोगल्ली भेटतात. कुणाच्या हृदयाची झडप बदललेली, कुणाच्या पायाच्या शिरेत गुठळी झालेली. मनवेलपाड्यात बचत गटाच्या कामाला घरोघरी जाते, तेव्हा एक तक्रार हमखास ऐकू येते, तीही स्वयंपाकघरात नेऊन, हळू आवाजात : ‘ताई, हल्ली पाळीत फार जातं हो.’ डॉक्टरांना सांगितलं का, विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘छे, ते पुरुष डॉक्टर!’

मैत्रिणींनो, सांगायला हवी ती नेमकी हीच गोष्ट. या गोळीने रक्ताचं पाणी होत नाही, ते गोठायला वेळ लागतो, एवढंच. गोळी जास्त लागू पडली की हिरड्यांतून रक्त येतं, घोळणा फुटतो, न आपटता अंगावर काळेनिळे डाग उठतात. तासातासाला पॅड बदलावं लागलं, लघवी लाल किंवा शौचाला डांबरासारखं काळं झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. (लोहाच्या गोळीनेही काळं होतं, पण तो निवाडा आपण घरी करायचा नाही.) डोक्याला मार लागला, तर वरून काही दिसत नसलं तरी थांबू नका, १०८ला फोन करा.

मोबाईलवर मध्येच कुणी पाठवतं, ‘हे तर उंदराचं औषध!’ वॉरफेरिनबाबत ते खरंही आहे. अमेरिकेत १९४८ साली ते उंदरांसाठीच आलं, १९५४पासून माणसांना मिळू लागलं. फरक मात्रेचा. पण घाबरून गोळी परस्पर बंद केली, तर धातूच्या झडपेवर गुठळी धरून अर्धांगवायू होऊ शकतो.

वॉरफेरिन किंवा असिट्रोम घेणारीने आयएनआरची रक्ततपासणी चुकवू नये. आकडा बहुतेकींचा दोन ते तीन असावा लागतो, काही झडपांना थोडा जास्त. आपला किती, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. मेथी-पालक सोडायची गरज नाही, फक्त प्रमाण रोज साधारण सारखं हवं. नव्या गोळ्यांना ही तपासणी लागत नाही, रक्तस्रावाचा धोका मात्र त्यांनाही आहे.

मला खरा राग येतो तो कंबरदुखीच्या गोळीचा. मेडिकलवाला काही न विचारता डायक्लोफिनॅक देतो, आपण गुपचूप घेतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर ती घेतली, तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

पाळीच्या तारखा आणि रोजचे पॅड किती, हे आयएनआरच्या फाईलमध्येच लिहून ठेवा. बोलायला जीभ रेटली नाही, तर ते पान डॉक्टरांपुढे ठेवा.