परवानगीची सुधारणा

इस्लामी जगांतील धर्मसुधारणा ही युरोपीय राज्यकर्त्यांच्या कृपेचें फळ, आणि त्या राज्यकर्त्यांस झालेला विरोध मात्र निव्वळ धर्मवेड, असें एक मत आमच्या विद्वानांच्या लेखांतून वारंवार डोकावतें. ईजिप्तचा इतिहास ह्या मताविरुद्ध साक्ष देतो.

शेख महंमद अब्दुह (१८४९–१९०५) यांचेंच चरित्र पाहा. 'तक्लीद' म्हणजे पूर्वाचार्यांचें आंधळें अनुकरण टाकावें, आणि 'इज्तिहाद' म्हणजे मूळ आधारांवरून स्वबुद्धीनें निर्णय करण्याचा अधिकार पुन्हां हातीं घ्यावा, ही त्यांची शिकवण. ती कोणा इंग्रज अधिकाऱ्यानें त्यांच्या पदरांत घातली नव्हती. कैरोंत जमालुद्दीन अफगाणी यांच्याजवळ बसून त्यांची बुद्धि ह्या मार्गाला लागली; ह्या गुरूला १८७९ सालीं ईजिप्तमधून हांकलून देण्यांत आलें, आणि इंग्रजी फौजांनीं तो देश व्यापला १८८२ सालीं! अराबी पाशाच्या चळवळीस साथ दिल्याबद्दल शिष्यही हद्दपार झाला. पुढें १८८४ सालीं पॅरिसमध्यें दोघांनीं 'अल्-उर्वा अल्-वुस्का' हें पत्र काढलें. त्याचे अवघे १८ अंक निघाले. तरी इंग्रजांनीं त्याला हिंदुस्थान व ईजिप्त ह्या दोन्ही देशांत येण्यास बंदी केली. पोथीची गुलामगिरी आणि परक्याची गुलामगिरी यांवर तेथें एकच लेखणी चालत होती.

यावर असें म्हणतात कीं, १८८८ च्या सुमारास स्वदेशीं परतल्यावर अब्दुह यांनीं राजकारण सोडलें, आणि १८९९ सालीं ते मुफ्ती झाले ते लॉर्ड क्रोमर यांच्या अनुकूलतेमुळें. हें आम्ही नाकारीत नाहीं. अफगाणींनीं शहा-सुलतानांवर टाकलेला भरंवसाही फुकट गेला. १८९७ सालीं इस्तंबूल येथें त्यांचा अंत झाला तो सुलतानाच्या नजरकैदेंतच म्हणावयाचा. पण क्रोमरसाहेबांच्या सुधारणाप्रेमाची परीक्षा नको काय? त्यांच्या अमदानींत सरकारी शाळांतील फुकट शिक्षण आटलें व फी वाढली. ईजिप्तच्या स्त्रियांच्या पडद्याबद्दल हे गृहस्थ हळहळले, आणि मायदेशीं परतल्यावर स्त्रियांस मताधिकार मिळूं नये म्हणून झटणाऱ्या संघाचे अध्यक्ष झाले! १९०८ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं सुधारलेला इस्लाम हा इस्लामच नव्हे, असा निकाल दिला. खुद्द आपले मित्र अब्दुह यांच्या श्रद्धेविषयींही शंका घेतली. आश्रयदात्याचें हें मत असल्यावर त्या आश्रयामुळें सुधारकाला स्वकीयांच्या संशयाखेरीज काय मिळणार?

अब्दुह यांच्या शिष्यांपैकीं साद झगलूल यांस १९०६ सालीं शिक्षणमंत्री करण्यांत आलें, तें क्रोमर यांच्याच पसंतीनें. मवाळ, सुधारक, निरुपद्रवी मनुष्य! १९१९ च्या मार्च महिन्यांत इंग्रजांनीं त्याच झगलूलना धरून माल्टाला धाडलें, आणि सारा ईजिप्त पेटला.