सूड की जात?

खैरलांजी खटल्याचे निकाल हा निव्वळ कायद्याच्या अभ्यासकांचा विषय आहे, असे आम्ही मानत नाही. कृतीमागच्या हेतूला कोणते नाव द्यावे, हा साहित्याच्या वर्गातला नित्याचा प्रश्न तेथे न्यायासनापुढे उभा होता.

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील या गावात भोतमांगे या दलित कुटुंबातील चौघांची जमावाने हत्या केली. सुरेखाबाई, त्यांची मुलगी आणि दोन मुलगे मारले गेले. भैयालाल तेवढे वाचले. त्याआधी एका मारहाणीच्या प्रकरणात मायलेकींनी हल्लेखोरांविरुद्ध साक्ष दिली होती. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी व दोघांना जन्मठेप सुनावली. जुलै २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची सक्तमजुरी दिली. शिक्षा बदलली, पण एक गोष्ट दोन्हीकडे कायम राहिली: हेतू सूडाचा, जातीचा नव्हे, सबब अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू नाही.

फौजदारी न्यायाला पुरावा लागतो, तर्क पुरत नाही, हा आक्षेप रास्तच आहे. परंतु सूड आणि जात ही दोन वेगळी कारणे आहेत, हे गृहीतक कोठून आले? सूड बरोबरीच्यांतही घेतला जातो. दलित स्त्रीने साक्ष द्यावी हेच ज्यांना सहन होत नाही, त्यांच्या सुडाला जातच धार देते.

कायद्यालाही हे पुढे उमगले. 'दलित आहे या कारणावरून' केलेला गुन्हा सिद्ध करण्याची जुनी अट, गंभीर गुन्ह्यांपुरती, २६ जानेवारी २०१६ पासून 'दलित आहे हे ठाऊक असताना' अशी बदलली. हेतूच्या जागी जाणीव आली.

२००१ च्या डर्बन परिषदेत जात म्हणजे वंश नव्हे, अशी भारत सरकारची भूमिका होती. शास्त्रार्थ म्हणून ती वादाचा विषय होऊ शकेल. पण १९४६ मध्येच डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्याकडे लक्ष वेधले होते. साम्य ओळखायला व्याख्या जुळाव्या लागत नाहीत.

शिक्षा गुन्हेगाराला होते. गुन्ह्याचे नाव समाजाला ऐकावे लागते. ते नाव उच्चारले गेले नाही, तर न्याय अर्धाच होतो, असे आमचे मत आहे.